घासलेला कोट

रिसाली, भिलाई
२ मे २०२४

प्रिय दादा,
जय भीम.

सूर्य आणि पृथ्वी यांच्या मधे काहीच नाही, हवासुद्धा नाही, तर सूर्याची उष्णता आपल्यापर्यंत येते कशातून? परवा एका माणसानं मला हे विचारलं आणि मला उत्तर देता आलं नाही. पुस्तकातलं उत्तर मी दिलं. म्हटलं, उष्णता लहरींनी येते, त्या लहरींना हवा लागत नाही, रिकाम्या जागेतून त्या सरळ येतात. चिंधू नावाचा पंचेचाळिशीचा माणूस आहे, खैरागढकडचा. त्यानं नीट ऐकून घेतलं आणि म्हणाला, "तरिया म लहर उठथे त पानी के उठथे, मैडम. ये लहर काखर ए?" तळ्यात उठते ती पाण्याची लाट. मग ही कशाची?

मी विद्युत म्हटलं, चुंबक म्हटलं. त्यानं मान हलवली. डॉक्टर काही सांगतात तेव्हा आपले बाबा हलवतात तशी. घरातली पहिली ग्रॅज्युएट, भौतिकशास्त्र घेऊन बी.एस्सी., आणि अडकली तळ्यातल्या लाटेपाशी.

तू असतास तर तुला विचारलं असतं. तू शब्दांत न सांगता काहीतरी करून दाखवलं असतंस.

मी सध्या मोठ्या माणसांना शिकवते. कुठे ते पुढच्या पत्रात लिहीन.

तुझा फोन लागत नाही. तिसऱ्या दिवशी समजलं की फक्त माझाच लागत नाही. आईशी तू बोलतोस, तुझ्या दोस्ताशी, नरेशशी बोलतोस. म्हणून कमलिनी मावशीच्या पत्त्यावर गोंदियाला हे पत्र पाठवते आहे. माझ्या ऱ्हस्व-दीर्घाला हसू नकोस. शाळा आपली हिंदी. मराठी वाचायला बाबांनी विहारात शिकवली, लिहायची ती अंदाजानं.

तू जयंतीच्या दोन दिवस आधी गेलास. दर वर्षी मिरवणुकीत सगळ्यात पुढचा निळा झेंडा तुझ्या हातात असतो. या वर्षी बाबांनी घेतला. सेक्टर दहाच्या वळणापर्यंत नेला, मग दुसऱ्याकडे दिला. कोणीतरी विचारलं, "आनंदराव, पोरगा कुठी गेला?" बाबा म्हणाले, "मामाच्या गावाले." आपल्याला मामा नाही हे त्या माणसालाही माहीत होतं.

कोटाबद्दल आपण कधी धड बोललोच नाही, म्हणून क्रमानं लिहिते. तीन मार्चला रविवार होता. दुसऱ्या दिवशी रसमड्याला तुमच्या लोखंड ढलाईच्या कारखान्यात सुरक्षा दिवस होता आणि भट्टीवरचा उत्तम कामगार म्हणून तुझं नाव पुकारणार होते. फोटो निघणार होता. तुझा तो भट्टीसमोर घालायचा चाँदी कोट काळा-पिवळा पडला होता. तुझ्या खात्यात सगळेच कोट घरी धुवायला आणतात, तूही आणला होतास. तू नरेशबरोबर बाहेर गेलास आणि मी तो न्हाणीत धुवायचा सोडा टाकून तारेच्या घासणीनं घासला. जे निघत होतं ती मला काजळी वाटली. वरचा ॲल्युमिनियमचा थर निघतो आहे हे मला कळलं नाही. अपघातानंतर तू विचारलंस, "सुजे, तुले माहीत होतं?" तेव्हा मी "नाही" म्हणाले. ते खरं होतं.

एकदा तरी माझा फोन लागू दे. बोलू नकोस, पण उचल.

तुझी,
सुजाता


रिसाली
११ मे

दादा,

नरेशनं तुला सांगितलं असेलच, म्हणून लपवण्यात अर्थ नाही. मी तुझ्याच कारखान्यात लागले आहे. सुरक्षा विभागात, नव्या कामगारांना समजावून सांगायचं काम. तू गेल्यानंतर दहा दिवसांनी त्या विभागाचे भाऊराव साहेब घरी आले होते. आपल्याच दिवाणावर बसले, आईच्या हातचा चहा प्यायले आणि म्हणाले, "प्रेमानंदचा गेट पास तं आता होत नाई. त्यानं लिहूनच देल्लं का कोट म्याच घासला म्हनून. पन घरातलं एक मानूस कामावर राहीन. पोरगी शिकेल आहे." आईनं माझ्याकडे पाहिलं. बाबा भिंतीकडे पाहत होते.

मी हो म्हटलं. मला वाटलं, मी नीट शिकवलं तर पुढच्या माणसाचा हात वाचेल. हे मी स्वतःला फसवण्यासाठी लिहीत नाही, मला खरंच तसं वाटलं आणि अजूनही वाटतं.

खोली गेटच्या उजव्या बाजूला आहे, पूर्वी तिथे सायकली ठेवायचे. बाकावर वीस-बावीस माणसं बसतात. मी सूर्यापासून सुरुवात करते. उष्णता तीन तऱ्हेनं जाते असं सांगते. एक, वस्तूला वस्तू लागून, जशी तव्यातून उलथन्याच्या दांड्यात येते. दुसरी, हवा किंवा पाणी स्वतः गरम होऊन वर सरकतं, ती. आणि तिसरी, जिला मधे काहीच लागत नाही. हिंदीत विकिरण, मराठीत काय म्हणतात मला ठाऊक नाही. सूर्याची उष्णता तशी येते. पंधरा कोटी किलोमीटर, आठ मिनिटं वीस सेकंद, आणि वाटेतल्या रिकाम्या जागेला ती जराही तापवत नाही. जिथे अडते तिथेच ऊन होते. भट्टीची पण बरीचशी उष्णता अशीच येते. तुम्ही भट्टीला हात लावलेला नसतो, मधली हवा बाजूला गेली तरी चेहरा भाजतोच. म्हणून हा चमकणारा कोट. तो उष्णता अडवत बसत नाही, आली तशी परत पाठवतो. चमक गेली की उरतं ते साधं कापड.

हे सांगताना सगळे माझ्याकडे नाही, माझ्या मागे बघतात. पहिल्या दिवशी मला वाटलं, फळ्यावर काही चुकलं. दुसऱ्या दिवशी मागे वळून पाहिलं. भिंतीवर काचेच्या चौकटीत तुझा कोट आहे.

उजवी बाही कोपरापर्यंत जळलेली, डॉक्टरांनी कापली तिथून मोकळी. छातीवर राखाडी डाग. खाली पुठ्ठ्यावर लिहिलं आहे, "लापरवाही का नतीजा. सुरक्षा के सामान से छेड़छाड़ न करें." नाव लिहिलेलं नाही, पण नाव सगळ्यांना माहीत आहे.

नरेश जेवणाच्या सुट्टीत दारात येऊन उभा राहिला. आत आला नाही. "क्या मास्टरनी," म्हणाला, "भाई का कोट टाँग के लेक्चर दे रही हो? अच्छा है. घर का ही नमूना मिल गया."

मी म्हटलं, "मी नाही टांगला."

"उतारा भी नहीं," म्हणाला आणि गेला.

 

तुझ्या बोटांचं काय? मावशीला तेल लावून दे म्हणावं. इथल्या डॉक्टरांनी सांगितलेले व्यायाम करतोस का, चेंडू दाबायचा?

सुजाता


रिसाली
२० मे

दादा,

काल मावशीला फोन केला होता. म्हटलं, पत्रं मिळाली का? ती म्हणाली, "मिळाली ना माय. पन तो फोडत नाई. दोन्ही बी तशीच आहेत, पेटीवर ठेवली. मी म्हटलं फोडून वाचून दाखवू का, तं म्हने राहू दे मावशी, अक्षर पायलं मी."

म्हणजे तू फक्त पाकिटावरचं अक्षर पाहिलंस.

मला रडू यायला हवं होतं. आधी मात्र हलकं वाटलं, दादा, हे लिहायला लाज वाटते. तू हे वाचणार नाहीस, म्हणून मला खरं लिहिता येतं आहे.

पहिल्या पत्रात मी खोटं लिहिलं.

मला ती काजळी वाटली नव्हती. पहिली पाच मिनिटं वाटली असेल. मग पाणी चंदेरी झालं. न्हाणीच्या जाळीपाशी ती चमक थराथरानं साचली, मासळीच्या खवल्यांसारखी, आणि घासणीत अडकली. माझ्या नखांत ती होती. मी हात थांबवला, कोट उजेडात धरला आणि मला त्याच क्षणी सगळं कळलं. परावर्तन, शोषण, सगळं. याच धड्यावर मला परीक्षेत पूर्ण गुण होते.

कोट वाळत घालताना मी घासलेली बाजू भिंतीकडे केली. न्हाणी धुतली. नखं ब्रशनं घासली.

संध्याकाळी तू आलास. कोट हातात घेतलास आणि म्हणालास, "वा रे, आमचं सर्टिफिकेट तं कामाले लागलं!" तू मला तेच म्हणायचास. पाहुणे आले की सांगायचास, आमच्या घरी एक सर्टिफिकेट आहे, ते जेवते, झोपते, पंख्याखाली बसते. मग तू बाही उजेडाकडे नेलीस. बराच वेळ पाहिलीस. "सुजे," म्हणालास, "चमक कमी झाल्यावानी वाटून राहिली. बराबर आहे ना हे?"

आणि मी म्हटलं, "साफ झालाय म्हणून तसं दिसते. काही होत नाही."

"तू म्हनतेस तं बराबरच असंन."

इतकंच. तू कोट घडी करून पिशवीत ठेवलास.

मी सांगितलं असतं तर काय झालं असतं? तुझा फोटो दुसऱ्याच्या कोटात निघाला असता. तू मला दोन दिवस चिडवलं असतंस. नवा कोट मिळायला महिना लागला असता आणि तोवर त्यांनी तुला दुसऱ्या कामावर ठेवलं असतं. मला एवढंच नको होतं, की आदल्या दिवशी माझ्या हातून तुझी वस्तू बिघडली असं निघावं. मला वाटलं, सुरक्षा दिवस होऊ दे, मग सांगीन. चार तारखेला टाळ्या वाजल्या. पाच तारखेला वाटलं, उद्या. असे सोळा दिवस तू तो कोट घालून वितळलेल्या लोखंडासमोर उभा राहिलास, लांब सळीनं वरची मळी ओढत, आणि मी रोज तुझा डबा भरत होते.

एकोणीस मार्चला मळी घट्ट होती, म्हणून तू नेहमीपेक्षा जास्त वेळ थांबलास, असं नरेश म्हणाला. तुला बाही गरम लागली होती. तू मागे हटला नाहीस. हे मी कितीदा मनात उगाळलं आहे. कोट चांगला आहे असं तुला घरातल्या शिकलेल्या माणसानं सांगितलं होतं.

दवाखान्यात भाऊराव साहेबांनी विचारलं, कोट कोनं घासला? मी खाटेच्या पायाशी उभी होते. तू माझ्याकडे बघितलंही नाहीस. म्हणालास, "मीच." आणि घरी आल्यावर, पट्टी सोडली त्या दिवशी, मला एकटीला विचारलंस. तुले माहीत होतं? तू ओरडला नव्हतास. मला वाटतं तू मला जागा करून देत होतास. मी "नाही" म्हटलं. तू दुसऱ्या दिवशी पिशवी भरलीस.

एक आठवण लिहिते आणि थांबते. मी दहावीत होते. विकिरण मला समजत नव्हतं, म्हणत होते हवाच गरम होऊन खाली येत असेल, पुस्तक उगाच बोलतं. तू मला भर मे महिन्यात अंगणात उभं केलंस. डोळे मिट म्हणालास. चेहरा भाजत होता. मग एकदम गार झाला. डोळे उघडले तर तू आईची परात माझ्या तोंडासमोर धरून उभा. "हवा बदलली का?" तू विचारलंस. "नाही." "मंग गरमी कुठी गेली? हवेतून येत होती तं परातीनं कशी थांबली?" आई आतून ओरडली, "कनीक मळाची परात घेऊन कुठी गेले रे पोट्टे!"

बी.एस्सी.च्या तीन वर्षांत मला कोणी याहून चांगलं शिकवलं नाही. बारावीला गणितात तुला माझ्यापेक्षा जास्त गुण होते.

सु.


रिसाली
२९ मे

दादा,

नवतपा चालू आहे. दुपारी बाहेर पाऊल टाकवत नाही. कूलरमध्ये पाणी भरायला बाबा उठले की मला तू दिसतोस, कारण ते काम तुझं होतं.

मावशीनं सांगितलं की राईस मिलमध्ये तुला पोती शिवायला बसवलं होतं, पण उजव्या हाताची मूठ पूर्ण मिटत नाही म्हणून सुई धरता येत नाही, आता वजनकाट्यावर उभा असतोस. आणि नरेशनं दुसरं सांगितलं. तू मध्ये एक दिवस रसमड्याला येऊन गेलास. घरी न येता. दुसऱ्या एका कारखान्यात क्रेनवर जागा होती, डाव्या हातानं चालवता येते अशी. तिथे गेटवरच तुझं नाव पाहून परत पाठवलं. आमच्या कारखान्यानं रसमड्यातल्या सगळ्या गेटांवर यादी दिली आहे, सुरक्षेचं सामान जाणूनबुजून खराब करणाऱ्यांची. तिच्यात तीन नावं आहेत. प्रेमानंद आनंदराव मेश्राम दुसरं.

मला वाटत होतं, तुझा एक पास गेला. तुझ्यासाठी सगळी भिलाई बंद झाली आहे हे मला माहीत नव्हतं. म्हणजे तू रागानं गोंदियाला राहिलास असं मी धरून चालले होते, आणि तुला इथे यायला जागाच नव्हती.

मी भाऊराव साहेबांकडे गेले. विचारलं, नाव निघायला काय लागते? ते फाईल चाळत म्हणाले, "ज्यानं केलं त्यानं सोता लिहून द्याव लागते. त्यानं तं आधीच देल्लं." मी म्हटलं, "त्यानं केलं नसेल तर?" त्यांनी चष्मा काढला. मला वाटतं त्यांना तेव्हाच कळलं. हलक्या आवाजात म्हणाले, "पोरी, भावानं एक गोष्ट झाकून ठेवली आहे ना, तं राहू दे. तू इथी चांगलं शिकवून राहिली. दोघायचं नुकसान कावून करतं?"

घरी आले. ही पत्रं तू वाचत नाहीस, मग यात खरं लिहून मी काय केलं? मोरीत ओतल्यासारखंच झालं. म्हणून आज घरात सांगितलं.

आई अंबाडीची भाजी निवडत होती. बोलता बोलता ती नेहमीसारखं म्हणाली, "त्याले लहानपनापासून घाईच. सोताच घासला कोट, सोताच जळला, अन् आता आमच्यावर रुसून बसला."

मी म्हटलं, "आई, कोट मी घासला."

"तू?" आई हसली. "तू तं तवा बी घासत नाई."

"मी घासला. चमक निघाली ते मला दिसलं होतं. दादानं विचारलं तेव्हा मी काही होत नाही म्हणून सांगितलं."

आईच्या हातातली जुडी तशीच राहिली. ती माझ्याकडे बघत राहिली, आणि मग माझ्याकडे नाही, माझ्या डोक्यावरच्या भिंतीकडे, जिथे बाबासाहेबांच्या फोटोखाली माझी पदवी लावली आहे. "मी त्याले किती बोलली," म्हणाली. "दवाखान्यात बोलली. पट्टी बदलताना बोलली, का तुले अक्कल नाई. त्यानं एक शब्द नाई काढला." मग भाजी तिथेच ठेवून आत गेली. अजून बाहेर आलेली नाही.

बाबा कूलरपाशी होते. मला वाटलं त्यांना ऐकू गेलं नाही, रेल्वेच्या रुळांवर आयुष्य गेल्यामुळे त्यांना कमीच ऐकू येतं. पाण्याची बादली खाली ठेवून ते म्हणाले, "मले माहीत आहे."

"कोणी सांगितलं?"

"त्यानंच. दुर्ग स्टेशनावर सोडाले गेलो होतो ना. गाडी लेट होती. तेव्हा सांगतलं. म्हने, बाबा, तिले इचारू नका. तिचं तिले सांगू द्या."

मी म्हटलं, "मग तुम्ही मला काही बोलला का नाही?"

"त्यानं नाई म्हटलं होतं." ते पाटावर बसले. "दीड महिना झाला, सुजा. तू ऑफिसातून आली का मी रोज तुह्या तोंडाकडे पाहो. का आज सांगन. भाऊराव आला होता त्या दिवशी बी वाटलं, आता बोलन. तू नोकरीले हो म्हटलं."

ते रागावले नव्हते. रागावले असते तर बरं झालं असतं. मेलेल्या माणसाबद्दल बोलावं तसं ते माझ्याबद्दल माझ्यासमोर बोलत होते.

इथे मला थांबावं लागेल.

सुजाता


(पोस्टकार्ड १)
६ जून

दादा,

पाकीट तू फोडत नाहीस, म्हणून ही पोस्टकार्डं. मावशीनं वाचली तरी चालतील. पोस्टमननं वाचली तरी चालतील. बारीक लिहिते आहे.

कोट मी घासला. चमक निघताना मी पाहिली. तू विचारलंस तेव्हा कोट चांगला आहे असं मी खोटं सांगितलं. नंतर विचारलंस तेव्हाही खोटं बोलले. पेटीवरच्या पाकिटांत याहून जास्त आहे, पण त्यांतल्या पहिल्या पत्रावर विश्वास ठेवू नकोस.

सोमवारी वर्गात एकवीस जण होते. कोट कसा काम करतो ते सांगून झालं आणि मी चौकट उघडली. खालचा पुठ्ठा काढला. म्हटलं, हा कोट माझ्या भावाचा आहे, आणि तो मी घासला, आणि मला विज्ञान येत होतं.  मग एकानं विचारलं, "तो आप क्यों नहीं बोलीं, मैडम?" मी म्हटलं, फोटो निघणार होता. त्यानं तोंड फिरवलं. 

(पोस्टकार्ड २)
६ जून

त्याच दुपारी भाऊराव साहेबांना लिहून दिलं. हिंदीत, दोन पानं, सही करून. त्यांनी वाचलं, म्हणाले, "आता तुले इथी ठेवता येत नाई." मी पास टेबलावर ठेवला होता तो त्यांनी ड्रॉवरमध्ये टाकला. निवेदन वर पाठवतील. नाव यादीतून निघेल की नाही, कधी निघेल, काही सांगत नाहीत. वर्ष लागेल म्हणाले. कदाचित निघणारही नाही, म्हणाले. कोट मात्र तिथेच राहिला. तो परत मागितला, तर ती कंपनीची वस्तू आहे म्हणाले.

नरेश गेटवर भेटला. मला वाटलं, काहीतरी चांगलं बोलेल. म्हणाला, "अब बोल के क्या, उसका हाथ तो गया." मी म्हटलं, हो.

आई तुझ्याकडे येते आहे, शनिवारच्या गाडीनं. मी तिच्याबरोबर येत नाही. तू बोलावशील तेव्हाच येईन. न बोलावलंस तरी मी समजून घेईन. नाही, समजणार नाही, पण येणार नाही.

(पोस्टकार्ड ३)
६ जून

यादी वरून निघायची वाट पाहत बसले नाही. निवेदनाच्या प्रती काढल्या आणि काल सकाळी सायकल घेऊन रसमड्याला गेले. ज्या ज्या गेटवर तुझं नाव गेलं होतं, तिथे तिथे एक प्रत दिली आणि दुसरीवर घेणाऱ्याची सही घेतली. अकरा गेट होती. दहा ठिकाणी कागद घेतला. अकराव्या गेटवर गार्ड म्हणाला, ऐसा कागज हम नहीं लेते. मी तिथेच उभी राहून दोन्ही पानं मोठ्यानं वाचली, खालच्या माझ्या नावापर्यंत, आणि घरी आले.

सुजाता